पाणी उताराला जातं

ताम्हिणी उतरून विळ्याला ट्रक थांबला की बाकीचे ड्रायव्हर चहा सांगतात. मामा आधी घड्याळ बघतात. अर्धा तास उलटला की केबिनमागे दोरीनं बांधलेला तेलाचा रिकामा डबा सोडतात. ओल्या गोणपाटाची घडी रेडिएटरच्या झाकणावर टाकतात, झाकण अर्धाच आटा फिरवतात आणि तोंड बाजूला करून थांबतात. आत कोंडलेला दाब फुसफुसत निघून गेला की मग झाकण काढायचं आणि एक लिटरच्या बाटलीनं मोजून पाणी ओतायचं. कधी दोन बाटल्या, कधी तीन. एकदा साडेचार गेल्या होत्या. आकडा खिशातल्या वहीत डिझेलच्या आकड्याशेजारी लिहायचा, आणि मग चहा.

ती वही वर्षभर मामांच्या खिशात होती. या काळात ट्रक चार गॅरेजं फिरून आला, त्याचं हेड दोनदा उतरलं, शेठचे बरेच पैसे गेले. वही मात्र कोणी मागितली नाही.

ट्रक सोळा टनी, सहा सिलिंडरचा, २००५ सालचा. तो कुठल्या कंपनीचा हे सांगून काही साधणार नाही, कारण वीस वर्षांच्या वापरानंतर त्याच्यात कंपनीचं जेवढं उरलंय त्याहून जास्त पिरंगुटच्या लेथवाल्यांचं आहे. जाताना सिमेंटच्या गोण्या, नाहीतर रिकामा; येताना माणगावच्या बाजूनं जांभ्याचा चिरा. मुळशी हा काळ्या पाषाणाचा तालुका, पण इथं फार्महाऊस बांधणाऱ्यांना तांबडा चिरा हवा असतो. त्यामुळे भरलेला ट्रक नेहमी घाट चढतच येतो. तक्रारही तिथलीच होती. घाट निम्मा झाला की काटा तांबड्याकडं झुकायचा, माथ्याच्या अलीकडं एखाद्या धबधब्याजवळ ट्रक बाजूला घ्यावा लागायचा, आणि पर्यटक त्या वाफेसोबत फोटो काढायचे.

चढाला गरम होतो म्हटल्यावर प्रत्येक गॅरेजनं चढाचाच विचार केला, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. डिझेल जळून जी उष्णता निघते तिच्यातला ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकाच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो, आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याला उचलावा लागतो. १३० अश्वशक्तीचं इंजिन भरल्या गाडीनं घाट चढत असेल, तर घरातले दोन किलोवॅटचे पंचवीस-तीस गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी पाण्यातून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथून वाऱ्यावर सोडायची असते. पाणी असतं वीस-पंचवीस लिटर, आणि तेच मिनिटागणिक कितीदा तरी फिरत राहतं. चढाला गाडीचा वेग कमी असल्यानं समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. या साखळीतलं काहीही कमी पडलं तर ते चढालाच दिसणार. तापाचा रोगी जसा जिना चढतानाच धापा टाकतो, तसं.

म्हणून पहिल्या गॅरेजनं झाकण बदललं. हे झाकण दिसायला क्षुल्लक, पण ते दाब धरून ठेवतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं; झाकणानं अर्धा-पाऊण किलो दाब धरला, तर तेच पाणी ११० च्या पुढंपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. तेव्हा झाकण बदललं ते ठीकच झालं. दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून वरची-खालची टाकी उघडली, नळ्यांतून सळ्या फिरवल्या, जाळीतला तांबडा चिखल आतून बाहेर धुऊन काढला, दोन ठिकाणी डाक दिला. तेही बरंच झालं, कारण खडीच्या आणि मुरमाच्या गाड्यांमागं धावणाऱ्या ट्रकची जाळी वर्षभरात वीटभट्टीसारखी दिसायला लागते. तिसऱ्यानं वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवा टाकला आणि जाता जाता थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. हे मात्र वाईट झालं. त्याच्याकडं पुढं येतो. चौथ्यानं हेड उतरवलं, घासून सपाट केलं, नवं पॅकिंग टाकलं. दोन महिन्यांनी पुन्हा उतरवलं, कारण ‘पहिलं पॅकिंग डुप्लिकेट निघालं’.

यातल्या कोणालाच मी अडाणी म्हणणार नाही. यातला प्रत्येक उपाय कुठल्यातरी ट्रकचा बरोबर उपाय होता.

पाचवा मिस्त्री पिरंगुटच्या घाटाच्या पायथ्याशी बसतो. जागा मुद्दाम निवडल्यासारखी आहे. पौड रस्त्यानं पुण्यातून निघालं की भूगाव, भुकूम आणि मग हा छोटा घाट. ट्रायल घ्यायला आयता चढ. खरं तर हा रस्ताच इंजिनवाल्यांचा. मागं कोथरूडला डिझेल इंजिनं बनवणारी किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था १९६६ पासून आहे. त्या दोन ठिकाणांपासून काही किलोमीटरवर, पत्र्याच्या शेडमध्ये, हा माणूस स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून इंजिन ऐकतो. जुन्या ट्रकला तेच लागतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्या गरम झाल्या की स्वतःच ताकद कमी करतात, कोड दाखवतात, लॅपटॉप लावला की काय दुखतंय ते सांगतात. २००५ च्या ट्रकला डॅशबोर्डवर एक काटा आहे, आणि तोही खरं बोलतो की नाही हे आधी तपासावं लागतं.

जुन्या ट्रकच्या बाबतीत एक गंमत मला नेहमी वाटते: तो आपली ऐपत नावातच सांगायचा. टेल्कोनं १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. १९६९ पर्यंत त्या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. पुढं १२१० आला, म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशेतीस. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर. मालकांनी पहिला आकडा कधी मनावर घेतला नाही ही वेगळी गोष्ट. आणि ज्या जाळीला आपण सरसकट ‘रेडिएटर’ म्हणतो, तीही त्याच घराण्यातून आलेली. विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची जाळी काढली आणि ती १९०१ च्या मर्सिडीजवर बसली. त्याआधी गाड्यांना पाण्याची मोठाली ओझी वाहावी लागत.

मिस्त्रीनं ट्रक आत घेतला, पण बॉनेट उघडलं नाही. शेठ बोलत होते: काटा कुठं जातो, किती खर्च झाला, कोणी काय फसवलं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“आधी काय होतं? गरम होतो म्हणून पाणी जातं, का पाणी जातं म्हणून गरम होतो?”

“एकच ना ते,” शेठ म्हणाले.

“एक कसं? भात करपला म्हणून पाणी आटलं, का पाणी आटलं म्हणून करपला?”

शेठनं मामांकडं पाहिलं. मामांनी वही काढली.

वहीत पाणी ओतल्याची ठिकाणं होती. पौडला सकाळी निघताना: काठोकाठ. विळ्याला उतरल्यावर: दोन लिटर. तीन. अडीच. तीन. माणगावात चिरा भरून निघताना: काही नाही, कधी अर्धा. घाट चढून आल्यावर: गरम झाला असेल तर दोन-तीन, नसेल तर फारसं नाही. मामा म्हणाले, “मी शेठला कवाच सांगितलं. चढाला न्हाई, उताराला जातंय पाणी. उताराला इंजिन थंडगार असतंय, काटा पन्नास-साठच्या वर नसतो, तरी खाली आल्यावर टाकी रिकामी.”

“मग मी म्हणलो, चढाला गेलेलं तुला खाली आल्यावर दिसत असंल,” शेठ म्हणाले.

“पण खाली जाताना चढ कुठाय, शेठ?” मामा म्हणाले. पौडपासून पुढं खरंच नाही. मुळशी धरणाच्या कडेकडेनं रस्ता वळणं घेत जातो, थोडा वर-खाली होतो, आणि मग एकदम कोकणात कोसळतो.

मिस्त्रीनं वही दोनदा वाचली. नंतर तो मला म्हणाला ते वाक्य मी लिहून घेतलं, कारण उरलेला सगळा तपास त्यातच होता: “साठ अंशाला पाणी उकळत नाही, सर. उकळलं नाही अन् तरी बाहेर आलं, म्हणजे त्याला कोणीतरी ढकललंय.”

ढकलणारा कोण, याचा पहिला संशयित हेड पॅकिंग. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब पॅकिंगच्या फटीतून पाण्याच्या वाटेत शिरतो, बुडबुडे होतात, दाब झाकणाला उचलतो आणि पाणी बाहेर जातं. याची खूणही सगळ्यांना माहीत आहे: झाकण काढून इंजिन चालू केलं की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. आले होते. चौथ्या गॅरेजनं ते पाहूनच हेड उतरवलं होतं. पॅकिंग नवं टाकल्यावरही बुडबुडे आले, म्हणून दुसऱ्यांदा उतरवलं. तिसऱ्यांदा उतरवायच्या आधी ट्रक इथं आला.

मिस्त्रीनं त्या दिवशी एकही पाना लावला नाही. नुसती बॅटरी घेऊन तो ट्रकखाली गेला. बाहेर गळणाऱ्या पाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. होज पाइपच्या क्लिपाजवळ, इंजिनच्या अंगावर ठोकलेल्या डम्यांच्या कडेला, पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं: आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून ठिबकावं म्हणून. कोणीकोणी ते एमसीलनं बुजवतात, आणि मग पंप बेअरिंगसकट जातो. पाणी वाळलं की त्याचा पांढरट ओघळ राहतो. इथं ओघळ नव्हता. ऑइलची पट्टी काढली. ऑइल काळं, पाणी उतरलेलं असतं तर ताकासारखं पांढरट झालं असतं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. हे दोन्ही तपासायचं कारण त्यानं सांगितलं ते मला नवं होतं. ऑइल कूलर फुटला, तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल पाण्यात येतं, आणि इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब उतरतो, पाण्याचा राहतो, म्हणून पाणी ऑइलमध्ये जातं. “दिवसा हा त्याच्या घरी, रात्री तो ह्याच्या घरी.”

सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. असता तरी जुलैत पौडला सकाळी कोणत्या गाडीतून नसतो?

आणि नेमकी हीच या तालुक्यातली अडचण आहे. ताम्हिणीच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. जून ते सप्टेंबर ट्रकखाली पाणी ठिबकतच असतं, चेसीवरून, फळ्यांतून, चिऱ्यातून. रेडिएटरमध्ये पाणीच भरलं असेल, तर पाण्यात पाणी कसं शोधणार? मामा टाकत ते पाणीही चांगलं, तलावाचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की चहाच्या भांड्याला दोन महिन्यांत पांढरा थर चढतो, इंजिनात तो थर उष्णता अडवतो. तलावाचं पाणी त्यामानानं हलकं. पण कसलाही रंग नसलेलं, वास नसलेलं, वाळलं की फारशी खूण न ठेवणारं.

तेव्हा मिस्त्रीनं दुरुस्ती म्हणून एकच केलं: सगळं पाणी सोडलं, इंजिन धुतलं, आणि हिरवं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करून भरलं. शेठ वैतागले. अर्धं इंजिन उघडून ठेवलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. हजार-दोन हजाराचं हिरवं पाणी ओतून ट्रक परत दिला म्हणजे काय? इथं बर्फ पडतो का?

हा प्रश्न घाटावरचा प्रत्येक मालक विचारतो, आणि कूलंट विकणारे त्याचं उत्तर नीट देत नाहीत. बर्फाचा इथं संबंध नाहीच. ग्लायकॉल घातल्यानं उकळण्याची पातळी काही अंशांनी वर जाते, हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा म्हणजे त्यातली गंज रोखणारी द्रव्यं: बीडाचा ब्लॉक, पितळ-तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, पंपाचा पंखा, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात वर्षानुवर्षं भिजत असतात, त्यांना ती सांभाळतात. पण मिस्त्रीला त्या दिवशी कूलंट हवं होतं ते तिसऱ्याच कामासाठी. ते हिरवं असतं.

“आठ दिवस चालवा. रोज रात्री हवेच्या टाकीचं ड्रेन मोकळं करता ना?” त्यानं मामांना विचारलं.

“करतो की. पावसाळ्यात पाणी निघतंच.”

“निघतंच. आता कुठल्या रंगाचं निघतं ते बघा.”

त्या आठ दिवसांतल्या एका खेपेला मी मामांसोबत गेलो. पौड सोडलं की उजव्या हाताला तलाव लागतो आणि बराच वेळ सोडत नाही. हेही पाणी इथं राहत नाही. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालं. तेव्हापासून इथलं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून त्यावर मुंबईचे दिवे लागतात, आणि खाली कोलाडला कुंडलिकेत शहरातली मंडळी राफ्टिंग करतात ती त्याच सोडलेल्या पाण्यावर. मामांचं गाव धरणाकाठचं. त्यांना हे सगळं माझ्याहून जास्त माहीत होतं, पण त्यांचं लक्ष घाटाकडं होतं.

उतार सुरू झाला. दुसरा गिअर. मामा ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत, दाबतात-सोडतात, दाबतात-सोडतात. प्रत्येक वळणाला मिनी बस, दुचाकी, छत्र्या, भाजलेली कणसं, पुन्हा दाबतात. डॅशबोर्डवरचा हवेचा काटा प्रत्येक दाबाला थोडा खाली येतो, मग इंजिनाच्या बाजूला बसवलेला कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो. टाकी भरली की खालून ‘फुस्स’ असा आवाज येतो. विळ्यापर्यंत तो आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला. कॉम्प्रेसरला उसंतच नव्हती. पाण्याचा काटा तेवढा वेळ साठाच्या आसपास पडून होता.

विळ्याला झाकण काढलं. अडीच लिटर कमी.

चौथ्या रात्री मामांनी ट्रकखाली आडवं होऊन टाकीचं ड्रेन ओढलं, हातात स्टीलचा पेला धरला आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढून मिस्त्रीला पाठवला. पेल्यात पोपटी पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, मिस्त्रीनं सगळ्यांना जे दाखवलं ते पाहायला शेजारच्या दोन गॅरेजांतली पोरंही आली. त्यानं पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंप बंद. पाणी हलणार नाही, बुडबुडा आला तर स्पष्ट दिसेल. कॉम्प्रेसर मात्र पट्ट्यावर नाही, इंजिनच्या गिअरवर चालतो. तो फिरत राहणार. रेडिएटर काठोकाठ भरला. रात्री टाकी मोकळी केलेली, हवा शून्य. क्लीनर पोरगा केबिनमध्ये बसला, आम्ही रेडिएटरच्या तोंडाशी.

स्टार्टर मारला. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही नाही. मग एक बुडबुडा. मग दोन. हवेचा दाब चढायला लागला तसे ते ओळीनं यायला लागले, डाळ शिजताना येतात तसे, आणि काठोकाठ भरलेलं हिरवं पाणी तोंडावरून ओघळायला लागलं. हात लावला तर इंजिन अजून कोमट सुद्धा नव्हतं. शेठ म्हणाले, “हेच ते. हेड गेलंय.”

“थांबा.”

दीडेक मिनिट गेलं. खालून ‘फुस्स’ झालं. टाकी भरली होती. आता कॉम्प्रेसर फिरत होता पण त्याची हवा मोकळी बाहेर जात होती. बुडबुडे थांबले. पाणी आरशासारखं स्थिर झालं, त्यात शेडच्या पत्र्याची भोकं दिसायला लागली. इंजिन तेच, स्फोट तेच, आवाज तोच.

“ब्रेक मार,” मिस्त्री ओरडला. पोरानं पाच-सहा दणके दिले. हवेचा काटा उतरला, कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला, आणि बुडबुडे परत आले. फुस्स झालं, थांबले. ब्रेक मारले, आले. हा खेळ त्यानं चार वेळा केला आणि मग क्लीनरला गाडी बंद करायला सांगितली. पंप नसताना इंजिन फार वेळ चालवायचं नसतं.

कॉम्प्रेसरही आतून तापतो, म्हणून त्याच्या हेडलाही इंजिनाचंच पाणी दिलेलं असतं. दोन बारीक नळ्या, एक जाणारी, एक येणारी. त्या हेडखाली एक छोटं पॅकिंग असतं. ते एका बाजूनं जळालं की सात-आठ किलो दाबाची हवा शेजारच्या पाण्याच्या वाटेत घुसते. रेडिएटरचं झाकण पाऊण किलोलाच उचललं जातं. सात-आठ किलोपुढं ते काय टिकणार? हवा पाण्याला ढकलते, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर, आणि रस्ता तर भिजलेलाच. गाडी बंद केली की उलटं: पाण्यातला उरलेला दाब थोडं कूलंट कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी ते हवेबरोबर टाकीत जातं. ब्रेकच्या टाकीत. पाणी आटतं याचंच सगळ्यांना पडलं होतं. तेच पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत होतं, हे ऐकल्यावर मामा काही वेळ बोलले नाहीत.

चढालाही कॉम्प्रेसर चालतो, पण चढाला ब्रेक कोण मारतं? टाकी भरलेली, कॉम्प्रेसर मोकळा. उताराला तो सतत भारावर. म्हणून पाणी जायचं उताराला, आणि ते गेल्याचं समजायचं चढाला. मामा विळ्याला भर घालत, पण आत शिरलेली हवा कोपऱ्याकोपऱ्यांत अडकून राहायची. वरून टाकी भरलेली दिसली तरी हेडच्या आत पोकळी. त्यात थर्मोस्टॅट काढून टाकलेला. आपल्याकडं थर्मोस्टॅट हा गाडी गरम करणारा उपद्रवी भाग समजतात. तो असतो पाण्याला वाट दाखवायला: इंजिन थंड असेल तोवर पाणी आतल्या आत फिरवायचं, ८०-८५ अंशांच्या पुढं रेडिएटरकडं सोडायचं आणि आतली वाट बंद करायची. या इंजिनात तो काढला की आतली वाट कायमची उघडी राहते, आणि ऐन चढाला काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तापलेलंच परत येतं. थंडीत गाडी थंड, उन्हात जास्त गरम. गरम होऊ नये म्हणून केलेल्या उपायानं गरम होण्यात भर घातली होती.

कॉम्प्रेसरचं हेड उतरवायला वीस मिनिटं लागली. मिस्त्रीनं पॅकिंग माझ्या हातात दिलं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, करडं, आणि हवेचं भोक व पाण्याचं भोक यांच्यामधल्या पट्टीवर एक काळी रेघ, करंगळीच्या नखाएवढी रुंद. हेडही किंचित वाकलं होतं. ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासलं आणि पट्टी लावून उजेडाकडं धरून पाहिलं. नवं पॅकिंग, नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट. भरताना इंजिन चालू ठेवून, वरचा एअर प्लग सैल करून, हवा निघेपर्यंत धीरानं. हवेच्या टाक्या धुतल्या आणि ब्रेकचे व्हॉल्व्ह उघडून पाहिले; त्यातलं एक किट बदललं. सगळं मिळून जे बिल झालं ते एकदा हेड उतरवायच्या खर्चाच्या पाव भागाएवढंही नव्हतं. शेठनं ते दोनदा वाचलं. इतकं कमी बिल पाहून माणूस खूश होत नाही, आधीची बिलं आठवून चिडतो.

मिस्त्रीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत गुलाबी चट्टा आहे. शिकाऊ असताना तापलेल्या गाडीचं झाकण उघडल्याचा. तो म्हणतो, तेव्हापासून मी गाडी थंड झाल्यावरच बघतो, आणि थंड गाडीच जास्त बोलते. होज पाइपचंच उदाहरण त्यानं दिलं. गार इंजिन चालू करून वरचा पाइप हातात धरायचा. पाणी तापायच्या आतच तो दगडासारखा टणक झाला, तर तो वाफेनं नाही झालेला. आत कुठून तरी हवा किंवा गॅस येतोय. सिलिंडरचा गॅस की कॉम्प्रेसरची हवा, हे ओळखायला निळं रसायन मिळतं, सिलिंडरचा गॅस लागला की त्याचा रंग बदलतो. त्याच्याकडं ते नाही. ब्रेक मारून बघायला पैसे पडत नाहीत, हे त्याचं त्यावरचं उत्तर.

घाटात गाडी तापली तर काय करायचं, हेही मी त्याला विचारलं, कारण ताम्हिणीत दर पावसाळ्यात वाफाळत्या गाडीवर धबधब्याचं पाणी ओतणारे हौशी लोक दिसतात. तापलेल्या बीडावर एकदम गार पाणी पडलं की हेडला तडा जातो. तोपर्यंत झालेलं नसेल ते नुकसान मदत करणारा करून जातो. पाणी गेलं नसेल, पट्टा शाबूत असेल आणि पंखा फिरत असेल तर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ रिकामी चालू ठेवायची. पाणी गेलं असेल तर बंद करायची आणि वाट बघायची. अर्धा तास, पाऊण तास. मामांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर तिसऱ्या खेपेला मी पुन्हा मामांसोबत होतो. विळ्याला झाकण काढलं, पाणी होतं तिथं होतं. वहीत त्यांनी नेहमीच्या जागी आडवी रेघ मारली. माणगावात चिरा भरला, निघालो. घाटाला लागलो आणि निम्म्यावर आलो तेवढ्यात शेठचा फोन. मामांनी स्पीकरवर टाकला.

“काटा कुठाय?”

“पंच्याऐंशीला.”

“पंच्याऐंशी?” शेठचा आवाज चढला. “आधी रिकामा साठाला असायचा! आता उतारालाबी ऐंशी दाखवत होता म्हणं. बाजूला घे गाडी. मी मिस्त्रीला फोन लावतो.”

मामांनी गिअर खाली टाकला, पुढच्या मिनी बसला वाट दिली.

“शेठ,” ते म्हणाले, “तो तिथंच पाहिजे.” आणि फोन कट केला.